मुलांसाठी रोबो : तयार घ्यावा की जुळवावा?

मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा काढणारे आईबाप आपल्या समाजात घरोघरी आहेत. पूर्वी त्यांच्यापुढे पाटी-पुस्तकाचा प्रश्न असे, पुढे संगणकाच्या क्लासचा आला. आता शाळकरी मुले रोबो मागू लागली आहेत. दुकानात दोन प्रकारचा माल मिळतो. एक, खोक्यातून काढून लगेच चालणारा तयार रोबो. दुसरा, सुट्या भागांचा किट, जो घरी जुळवायचा आणि हवा तसा बदलायचा. घामाचा पैसा कशावर घालावा, याचा विचार खरेदीआधीच झाला पाहिजे.

तयार रोबो वाईट असतो असे नाही. पाच-सहा वर्षांच्या बालकाला स्क्रू आणि वायरी झेपत नाहीत. त्याला तो खेळणे म्हणून ठीक आहे. पण त्याचे आयुष्य कंपनीच्या हाती असते. जपानमध्ये सोनी कंपनीने १९९९ साली आयबो नावाचा यंत्रकुत्रा आणला. किंमत अडीच लाख येन. तरी जपानसाठी ठेवलेले तीन हजार नग वीस मिनिटांत खपले. २००६ साली कंपनीने उत्पादन थांबवले आणि २०१४ साली दुरुस्तीही बंद केली. जीव लावलेली माणसे हवालदिल झाली. बंद पडलेल्या आयबोंचे सुटे भाग काढून इतरांना बसवण्याची वेळ आली, आणि २०१५ पासून चिबा प्रांतातील एका बौद्ध मंदिरात या यंत्रांचे अंत्यविधी होऊ लागले. विधी राहू द्या बाजूला, बोध तेवढा घेऊ. सर्व वस्तू अनित्य आहेत हे खरेच. पण विकत घेतलेली वस्तू मालकाला दुरुस्तही करता येऊ नये, हा निसर्गाचा नियम नाही, व्यापाराचा आहे.

आता किटचे पाहू. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत दोन चाकी रोबोगाडीचे सुटे सामान मिळते. त्यात पत्रा किंवा अ‍ॅक्रिलिकची बैठक, दोन मोटरी, मोटर ड्रायव्हर, सेन्सर आणि अर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड असतो. अर्डुइनोचा जन्म २००५ साली इटलीत झाला. त्याचा आराखडा सर्वांना खुला आहे, त्यामुळे अनेक उत्पादक तसे बोर्ड बनवतात आणि ते स्वस्तात मिळतात. एक भाग जळाला तर तेवढाच बदलायचा, सबंध रोबो टाकून द्यावा लागत नाही.

मात्र किट घेतानाही डोळे उघडे ठेवावेत. लेगो कंपनीचा माइंडस्टॉर्म्स हा १९९८ पासूनचा नामांकित संच २०२२ अखेर बंद झाला. म्हणून ज्याचे भाग कोणत्याही दुकानात मिळतील असाच संच घ्यावा.

किट जुळवणे ही पहिली पायरी. खरे शिक्षण त्यात बदल करताना होते. गाडीसमोरचा अडथळा ओळखणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाजाची लहर सोडतो आणि ती परत येईपर्यंतचा वेळ मोजतो. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. भिंत २० सेंटिमीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४० सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोडा जास्त वेळ. प्रोग्रॅममधला २० चा आकडा मुलीने ४० केला की गाडी भिंतीपासून लांबच थांबते. का थांबली, हे तिने स्वतः करून पाहिलेले असते. तथागतांनी कालामांना हेच सांगितले : कोणी सांगतो म्हणून मानू नका, अनुभवाने पारखून घ्या. बदल मात्र एका वेळी एकच करावा, म्हणजे चूक कुठे आहे ते सापडते.

काही व्यवहाराच्या गोष्टी. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मोटरींना पुरत नाही. गाडी थोड्या वेळात मलूल होते आणि मुलाला वाटते आपलेच चुकले. नेहमीच्या एल-२९८-एन ड्रायव्हरमध्ये सुमारे २ व्होल्ट खर्ची पडतात, तेही धरावेत. पुन्हा चार्ज होणारे सहा पेन्सिल सेल बरे. लिथियमचे सेल वायरी चिकटून आग धरू शकतात. ते मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय देऊ नयेत आणि रात्रभर चार्जिंगला लावू नयेत.

किटची खरी अडचण वेगळीच आहे. सांगणारे कोणी नसले तर तो आठवड्याभरात माळ्यावर जातो. त्यासाठी एकेका घराने खर्च करण्यापेक्षा चार-पाच घरांनी वर्गणी काढून एक किट घ्यावा. रविवारी वंदनेनंतर विहारात दोन तास मुलांना बसवावे. वस्तीत आयटीआय किंवा डिप्लोमा केलेला एखादा तरुण असतोच. त्याला हक्काने बोलवावे. कोणाचा तरी जुना लॅपटॉप प्रोग्रॅमसाठी चालतो. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी २०१६ पासून सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब अनेक शाळांत आहेत. आपल्या मुलाच्या शाळेत ती आहे का, असल्यास तिचे कुलूप उघडते का, हे पालकसभेत जरूर विचारावे. आणि स्क्रूड्रायव्हर मुलाच्या हाती अन् झाडू मुलीच्या हाती, असे आपल्या घरात होऊ नये.

१९४५ साली काँग्रेस व गांधीजींवरील आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्रविरोधाचा खरपूस समाचार घेतला होता. दोष यंत्राचा नाही, त्याचा लाभ सर्वांपर्यंत पोहोचू न देणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान् पिढ्या हातांनी राबून दुसऱ्यांची घरे उभी केली, पण त्या हातांना विद्या मिळू दिली गेली नाही. आज हात आणि विद्या एकत्र आणण्याची संधी थोड्या पैशांत मिळते आहे. तेव्हा मूल अगदी लहान असेल तर साधे खेळणे द्या. ते दहा-अकरा वर्षांचे झाले की किट द्या, आणि तो उघडायला, बिघडवायला व पुन्हा जुळवायला मोकळीक द्या.

जयभीम!