पाण्याची स्थिती आणि जहाजांच्या जीवरोधक रंगातून होणारे तांब्याचे उत्सर्जन

प्रस्तावना :
जहाजाच्या तळाला शेवाळ, बार्नेकल, शिंपले इत्यादी सजीव चिकटल्यास पाण्याचा रोध वाढतो व इंधन अधिक खर्च होते. ते टाळण्यासाठी जीवरोधक रंग लावले जातात. ट्रायब्युटिल टिन या कथिलयुक्त घटकामुळे फ्रान्समधील आर्काशाँ उपसागरातील कालवांच्या शेतीची मोठी हानी झाली व १९८२ मध्ये तेथे निर्बंध आले. अशा रंगांवरील बंदीचा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये संमत होऊन २००८ मध्ये अमलात आला. आज प्रामुख्याने क्युप्रस ऑक्साइड वापरले जाते. त्यातील तांबे किती वेगाने बाहेर पडते, हे रंगाइतकेच पाण्यावरही अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या संबंधाचे विवेचन केले आहे.

उत्सर्जनावर परिणाम करणारे घटक :

१) खारेपणा : क्युप्रस ऑक्साइड शुद्ध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. समुद्राच्या पाण्यातील क्लोराइड आयन तांब्याशी विद्राव्य संयुग तयार करतात. त्यामुळे निमखाऱ्या पाण्यात उत्सर्जन मंदावते.

२) सामू : या अभिक्रियेत हायड्रोजन आयन खर्च होतात, म्हणून सामू घटल्यास तांबे वेगाने विरघळते. याउलट, रंगातील राळ आम्लधर्मी असल्याने ती समुद्राच्या किंचित अल्कधर्मी पाण्यात झिजते. सामूचा परिणाम असा दुहेरी असतो.

३) तापमान : तापमान वाढल्यास विरघळण्याचा व विसरणाचा वेग वाढतो.

४) प्रवाह : पृष्ठभागालगतचे तांबे निघून गेल्यावर सच्छिद्र थर उरतो व आतील तांब्याचा मार्ग लांबतो. जहाज चालू असताना हा थर झिजतो. बंदरात उभ्या जहाजावर मात्र तो टिकतो. त्यावर जीवाणूंचा चिकट थरही साचतो.

मापनाची मर्यादा :
आयएसओ १५१८१ या मानकानुसार फिरत्या दंडगोलाची चाचणी २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या, सुमारे ८ सामू असलेल्या कृत्रिम समुद्रजलात घेतली जाते. तिच्यातील मूल्ये प्रत्यक्ष जहाजावरील उत्सर्जनापेक्षा सामान्यतः जास्त येतात.

निष्कर्ष :
उत्सर्जन कमी म्हणजे धोका कमी, असे मात्र नव्हे. कमी खाऱ्या पाण्यात तांब्याचे मुक्त आयन सजीवांना अधिक बाधक ठरू शकतात, तर विरघळलेले सेंद्रिय पदार्थ त्यांची विषाक्तता घटवतात. पावसाळ्यात कोकणातील खाड्यांचा खारेपणा झपाट्याने उतरतो. अशा ठिकाणी केवळ प्रयोगशाळेतील एका आकड्यावर विसंबून न राहता ऋतुनिहाय स्थानिक मापन होणे आवश्यक आहे.