चिमेरच्या धबधब्याला जायचंय? आधी वाटाड्या ठरवा, मग गाडी काढा

सुरत : पावसाळा लागला की उधना, लिंबायतपासून नवापूर, नंदुरबारपर्यंतच्या तरुणांचे ग्रुप तापी आणि डांग जिल्ह्यांतल्या धबधब्यांकडे निघतात. वघईजवळचा गिरा धबधबा रस्त्यालगत आहे. सोनगढ तालुक्यातला चिमेर मात्र तसा नाही. गाडी गावापर्यंतच जाते, पुढची वाट जंगलातून आणि ओढ्यांतून पायीच. तिथे वाटाड्या लागतोच.

कसं पोहोचायचं?
सुरत-धुळे महामार्ग क्रमांक 53 वरून सोनगढ गाठायचं. रेल्वेने यायचं तर सुरत-भुसावळ मार्गावर उकाई-सोनगढ स्थानक आहे. पुढचा रस्ता विचारताना 'धबधबा' नको, 'धोध' म्हणा. गुजरातीत हाच शब्द चालतो.

वाटाड्या कसा ठरवायचा?
सोनगढच्या वन कार्यालयात आधी चौकशी करा. वाट सुरू आहे का, परवानगी लागते का, हे तिथेच कळेल. मग गावात माणूस ठरवा. इथली वस्ती मुख्यत्वे गामीत, कोकणी आदिवासींची. कोकणी बोली मराठीला जवळची, त्यामुळे बोलायची अडचण येत नाही. पैसे किती, माणसं किती, परत किती वाजता, हे निघण्याआधीच बोलून घ्या. जेवण गावातच सांगितलं तर गरम नागलीची भाकरी मिळू शकते आणि चार पैसे गावात राहतात.

वाटाड्याचं ऐकायचं का?
ऐकायचंच. धबधब्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस पडत असतो आणि ओढा काही मिनिटांत फुगतो. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहू लागला, आवाज वाढला, की लगेच काठावर वर चढायचं. वाटाड्या 'आज नको' म्हणाला तर मागे फिरायचं, ठरलेले पैसे मात्र द्यायचे. पैसे बुडतील या भीतीने त्याला धोका पत्करावा लागू नये.

नियम काय?
2019 मध्ये डांग प्रशासनाने धबधब्यांवर सेल्फी काढायला बंदी घातली होती. पावसाळ्यात असे आदेश निघतात, ते निघण्याआधी बघून घ्या. महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. गुजरातेत दारूबंदी आहे. डिकीत बाटली सापडली तर सहल पोलीस ठाण्यातच संपेल.

सोबत काय?
पकड असलेले बूट, दोरी, शिट्टी, टॉर्च, प्यायचं पाणी, मोबाईलसाठी प्लॅस्टिकची पिशवी. जंगलात रेंजचा भरवसा नाही, म्हणून परतायची वेळ घरी आणि गावात सांगून जा. साप चावला तर जखम कापू नका, बांधू नका. माणसाला शांत ठेवून थेट दवाखाना गाठा. मदतीसाठी 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे नंबर दोन्ही राज्यांत चालतात.

दुपारी तीनच्या आत परतीला लागलेलं बरं. पावसाळी ढगांत जंगलात अंधार लवकर पडतो.