बाटलीतले आतडे



मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची ऊतिसंवर्धित रोपे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहेत. उसाच्या शेंड्यातला वाढता कोंब काढायचा, बाटलीत खाद्यावर ठेवायचा, की त्यापासून हजारो रोपे. माणसाच्या आतड्याचेही असे होते म्हटले, तर पारावर लोक हसतील. पण ते झाले आहे.

आतड्याच्या अस्तरात बारीक खळगे असतात. त्यांच्या तळाशी मूळपेशी असतात आणि त्यांतून दर चार-पाच दिवसांनी अस्तर नवे होते. 2009 साली नेदरलँड्समध्ये तोशिरो सातो व हान्स क्लेव्हर्स यांनी उंदराच्या आतड्यातली अशी एकच पेशी मऊ जेलीत वाढवली. तिच्यापासून वाळूच्या कणाएवढे, खळग्यांसकट आतडे तयार झाले! याला ऑर्गनॉइड म्हणतात. 2011 मध्ये माणसाच्या मोठ्या आतड्याचे आणि त्यातल्या कर्करोगाच्या गाठीचेही जमले. 2015 मध्ये 20 रुग्णांच्या गाठींची अशी 'रोपे' करून त्यांवर 83 औषधे तपासली गेली.

हे कशासाठी? रोग एकच, पण एकाला लागू पडलेले औषध दुसऱ्याला पडत नाही. महिनोन्‌महिने इंजेक्शने घ्यायची, केस जायचे, उसाचे बिल जायचे, आणि गाठ तिथेच. द्राक्षाला नवे औषध मारताना आपण आधी दोन ओळींवर मारून बघतो की नाही? तसेच हे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासात, रोपावर न चाललेले औषध रोग्यालाही लागू पडले नाही. रोपावर चाललेले मात्र रोग्याला दरवेळी लागू पडलेच असे नाही. बाटलीत रक्तवाहिन्या नाहीत, यकृत नाही, शरीराची प्रतिकारशक्ती नाही. शिवाय प्रत्येक गाठ रुजत नाही, आणि रुजली तरी आठवडे लागतात.

आपल्या देशाने 2023 साली औषधचाचणीच्या नियमांत बदल करून नव्या औषधांच्या तपासणीला ही वाट मोकळी केली. तरी सभासदांनी मिरजेला जाऊन 'आमचे रोप करा' म्हणू नये; नेहमीच्या उपचारात हे अजून आलेले नाही.

आमच्या लोकांची खोड वेगळीच. शौचावाटे रक्त पडले की 'मूळव्याध असेल' म्हणून पाला-औषध करायचे आणि लाजेने घरातही बोलायचे नाही. मूळव्याध असेलही. पण रक्त वारंवार पडत असेल, शौचाची सवय बदलली असेल, अंग उतरत असेल, तर डॉक्टर दुर्बिणीने आतडे बघतात आणि संशय आला तर तिथलाच लहानसा तुकडा काढून तपासतात. प्रयोगशाळेतले रोपही अशाच तुकड्यापासून वाढवता येते.