संगणकाचा ताप : आधी मोजा, मग उपाय करा

आजचे युग हे संगणकाचे युग आहे, हे वाक्य आता जुने झाले. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, निकाल, नोकरीची जाहिरात, सारे काही संगणकावरच येते. आपल्यापैकी कित्येक घरांत आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांसाठी संगणक घेतलेला असतो, आणि पुष्कळदा तो दुसऱ्याने वापरलेलाच असतो. ऐन उन्हाळ्यात, अर्जाच्या शेवटच्या दिवशी तो आपोआप बंद पडला तर घरचे म्हणतात, 'व्हायरस आला'. दुरुस्तीवाला म्हणतो, 'बोर्ड गेला'. वास्तविक अशा वेळी अनेकदा यंत्राला केवळ ताप आलेला असतो. माणसाला ताप आला की आपण आधी थर्मामीटर लावतो, मग औषध देतो. संगणकाच्या बाबतीतही हाच क्रम पाळावा, एवढेच आम्हाला सांगावयाचे आहे.

उष्णता येते कोठून? संगणकाचा प्रोसेसर म्हणजे नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा. त्यातील कोट्यवधी ट्रान्झिस्टर सतत चालू-बंद होत असतात आणि त्यासाठी लागणाऱ्या जवळजवळ सर्व विजेची अखेर उष्णताच होते. १९९३ सालचा पहिला पेंटियम सुमारे १५ वॅट वीज घेई. २०२२ साली आलेला इंटेलचा कोअर आय-९ १३९००के हा प्रोसेसर पूर्ण वेगात २५३ वॅटपर्यंत घेतो. ही उष्णता थर्मल पेस्टमधून हीटसिंक नावाच्या धातूच्या पट्ट्यांत, तेथून पंख्याच्या वाऱ्याने खोलीत जाते. या साखळीची एक कडी जरी निसटली तरी उष्णता आत कोंडते.

२००१ साली टॉम्स हार्डवेअर या संगणकविषयक प्रकाशनाने चालू संगणकांवरील हीटसिंक काढून प्रयोग केला. पेंटियम ४ ने आपला वेग कमी करून स्वतःला सांभाळले. एएमडीचे अॅथलॉन मात्र जळून गेले. आजच्या प्रोसेसरमध्ये संरक्षणाची सोय असते. तापमान मर्यादेवर गेले की तो आधी वेग कमी करतो आणि तरीही भागले नाही तर यंत्र बंद करतो. म्हणून विनाकारण मंद झालेला संगणक हा तापलेला असू शकतो.

हा ताप मोजणारा संवेदक प्रोसेसरच्या आतच बसविलेला असतो. आपल्याला फक्त त्याचा आकडा वाचावयाचा असतो. विंडोज असल्यास एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प, लिनक्स असल्यास एलएम-सेन्सर्स हे प्रोग्राम त्यासाठी आहेत. घरगुती वापरासाठी ते विनामूल्य मिळतात. हार्ड डिस्कचे तापमान क्रिस्टलडिस्कइन्फो दाखविते. संगणक सुरू होताना बायोसमध्ये जाऊनही आकडा दिसतो, परंतु तो कामाच्या वेळचा नसतो. खरा ताप काम चालू असतानाच कळतो.

आता आकड्यांचा अर्थ पाहू. संगणक स्वस्थ असताना प्रोसेसर साधारण ३५ ते ५० अंश सेल्सिअस आणि कामात ६० ते ८० अंश असला तर काळजी नाही. साधे काम करतानाही तो ९० अंशांच्या वर टिकून राहत असेल तर लक्ष घालावे. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. हार्ड डिस्क मात्र ५० अंशांच्या आत ठेवलेली बरी.

परंतु नुसता आकडा पुरेसा नाही. पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. त्यामुळे यंत्र खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोली २५ अंशांवर असताना जो प्रोसेसर ७० अंश दाखवितो, तोच मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पत्र्याच्या छपराखालील ४० अंशांच्या खोलीत त्याच कामाला सुमारे ८५ अंश दाखवील. दोन्ही वेळा फरक ४५ अंशांचाच आहे, म्हणजे यंत्र निरोगी आहे. हाच फरक ६० वर गेला तर मात्र दोष यंत्रात आहे. यासाठी वहीत तारीख, खोलीचे तापमान, यंत्राचे तापमान आणि त्या वेळचे काम, अशी नोंद महिन्यातून एकदा करावी.

ताप चढण्याची रीतही बोलकी असते. काम सुरू करताच काही सेकंदांत आकडा ९० च्या पुढे उडाला तर हीटसिंक सैल झाला असावा किंवा थर्मल पेस्ट वाळली असावी. पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू चढला तर धूळ साचली आहे किंवा हवेचा मार्ग अडला आहे असे समजावे.

पहिल्या दोषासाठी जाणकाराकडून पेस्ट बदलून घ्यावी. दुसऱ्याचा उपाय घरचाच आहे. संगणक बंद करून, प्लग काढून, पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअरने धूळ उडवावी. कॅबिनेट भिंतीला चिकटवू नये, चालू संगणकावर कापड टाकू नये. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नये. त्याची हवेची छिद्रे बहुधा खालीच असतात. उन्हाळ्यात अवजड काम सकाळी उरकावे.

नवे यंत्र घेण्यास हजारो रुपये लागतात. नोंद ठेवण्यास एक वही पुरते. विद्यार्थी मित्रांनी ही सवय स्वतः लावून घ्यावी आणि शेजारच्या घरातील संगणकाचाही ताप एकदा मोजून द्यावा. दुरुस्तीच्या दुकानात जाताना ही वही सोबत असली, तर 'बोर्ड गेला' म्हणणाऱ्यास आपणही दोन प्रश्न विचारू शकू.