करमरकर शिल्पालय, सासवने

करमरकर शिल्पालय : शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांच्या शिल्पांचे त्यांच्या राहत्या घरातील संग्रहालय. ते रायगड (१९८१ पर्यंत कुलाबा) जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात, सासवने या त्यांच्या जन्मगावी आहे. थोर पुरुषांची जन्मस्थाने स्मारक म्हणून जतन केल्याची उदाहरणे कोकणात बरीच आहेत. रत्नागिरी येथील लोकमान्य टिळकांचे घर व त्याच जिल्ह्यातील मालगुंडचे केशवसुत-स्मारक ही त्यांपैकी विशेष परिचित होत. तेथे व्यक्तीची स्मृती जपली आहे. सासवन्यास मात्र प्रत्यक्ष कलाकृतीच पाहावयास मिळतात.

गावातील देवळाच्या भिंतीवर करमरकरांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कुलाब्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले व त्यांच्या साहाय्याने ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले. पुढे त्यांनी सुरेंद्रनाथ टागोर यांच्या आश्रयाने कलकत्त्यास काही वर्षे काम केले व १९२० मध्ये ते इंग्लंडला गेले. पुण्यातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा (१९२८) ही त्यांची सर्वांत गाजलेली कृती. मुंबईत माझगाव येथे तो ब्राँझमध्ये एकसंध ओतण्यात आला.

अशा स्मारकांमुळे करमरकरांचे नाव झाले. परंतु स्मारकशिल्पात विषय, आकार व पुष्कळदा मुद्राही आश्रयदाता ठरवितो. कोणी न सांगता त्यांनी काय घडविले, हे सासवन्यासच कळते. शंभराहून अधिक शिल्पांच्या या संग्रहात मान्यवरांचे अर्धपुतळे आहेतच. पण पाहणारा रेंगाळतो तो कोळी तरुणी, कष्टकरी स्त्रिया, वृद्ध, मुले आणि जनावरे यांच्यापाशी. अंगणातील सिमेंटची म्हैस आकाराने आणि विसावलेल्या जडपणाने इतकी खरी आहे, की ती शिल्प आहे हे क्षणभर ध्यानात येत नाही. ‘शंखध्वनी’ हे त्यांचे विशेष प्रशंसिले गेलेले शिल्प.

यांतील अनेक शिल्पे सिमेंटची आहेत, ही बाब महत्त्वाची आहे. ब्राँझचे ओतकाम खर्चाचे असते व त्यास भट्टी लागते. सिमेंटचे तसे नाही. मातीच्या नमुन्यावरून प्लॅस्टरचा साचा घ्यावयाचा, त्यात सिमेंट भरावयाचे आणि ते सुकल्यावर साचा फोडावयाचा. मोठ्या शिल्पास आतून लोखंडी सळ्यांचा आधार देतात. मागणीवाचून शिल्प घडविण्याची मोकळीक कलावंताला या स्वस्त द्रव्याने दिली.

करमरकरांना आधुनिकतावादी म्हणावे काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. शांतिनिकेतनात रामकिंकर बैज (१९०६–८०) यांनी १९३८ मध्ये सिमेंट व जांभ्याची खडी वापरून ‘संथाळ कुटुंब’ उभारले. द्रव्य तेच, विषयही श्रमिकांचाच. परंतु रामकिंकरांनी पृष्ठभाग खडबडीत ठेवून घडणच बदलली, तर करमरकरांनी शरीररचनेची पाश्चात्त्य वास्तववादी शिस्त सोडली नाही. शैलीने ते आधुनिकतावादी नव्हेत. तथापि राजे व पुढारी यांच्याइतकीच एकाग्रता त्यांनी गावच्या माणसांना दिली, हे नवेपण नाकारता येत नाही.

मुंबईहून मांडवा बंदरापर्यंत जलमार्गाने येऊन पुढे रस्त्याने सासवन्यास जाता येते; भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास वाहने नेणारी रो-रो नौकासेवा २०२० मध्ये सुरू झाली. गेटवेच्या लहान बोटी मात्र पावसाळ्यात बंद असतात.

शिल्पांनाही हाच ऋतू अवघड जातो. किनाऱ्यावरील खाऱ्या, दमट हवेत सिमेंटच्या आतील सळया गंजतात. गंजाने फुगून त्या वरचा थर तडकावितात. प्लॅस्टर तर ओल शोषून घेते. ब्राँझचा पुतळा साचा असल्यास पुन्हा ओतता येतो. साचा फोडून काढलेल्या सिमेंटच्या शिल्पाची मात्र बहुधा ती एकच प्रत असते.