उशिरा उघडलेले दार

श्रोतेहो, क्रिकेट आता आपल्या गावोगाव पोचले आहे. त्याचाच दूरचा भाऊ शोभेल असा अमेरिकेतला खेळ म्हणजे बेसबॉल. एकाने चेंडू फेकायचा, दुसऱ्याने गोल दांड्याने तो टोलवायचा आणि चार ठाण्यांना फेरी घालून परत यायचे, की झाली एक धाव. टोला थेट कुंपणापलीकडे गेला तर तो ‘होम रन’. आपला षटकारच म्हणा ना! असे टोले हाणण्यात ज्याचा हात धरणारा विरळा, त्या जॉश गिब्सनची ही हकिगत.

जॉशचा जन्म 1911 साली जॉर्जिया राज्यात झाला. पुढे वडील पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यात कामाला लागले आणि बिऱ्हाड तिकडे गेले. 1930 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तो होमस्टेड ग्रेज या संघात आला. त्याच वर्षी त्याची पत्नी बाळंतपणात वारली. जुळी मुले मात्र वाचली. दुःख गिळून जॉश खेळत राहिला.

पण खेळायचे कुठे? तो पडला काळा. मोठ्या संघांचे दार काळ्यांना बंद होते. गंमत अशी, की तसा लेखी नियम कुठेच नव्हता; गोऱ्या मालकांचा आपसातला संकेत तेवढा होता. म्हणून काळ्या खेळाडूंनी आपल्या वेगळ्या स्पर्धा उभारल्या. त्यांना ‘नीग्रो लीग’ म्हणत. गोरा संघ परगावी गेला, की त्याचेच मैदान भाड्याने घ्यायचे. प्रवास मोटारगाडीने, आणि हॉटेलवाल्याने खोली नाकारली तर झोपही गाडीतच!

1943 साली जॉशच्या मेंदूत गाठ असल्याचे निघाले. तरीही तो खेळला. 20 जानेवारी 1947 रोजी तो वारला, वय अवघे पस्तीस. त्यानंतर तीन महिने भरायच्या आतच, 15 एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला आणि ते बंद दार उघडले. जॉशच्या थडग्यावर तर 1975 पर्यंत साधा दगडही नव्हता.

मग 2024 साली काय झाले? 1920 ते 1948 मधल्या नीग्रो लीगचे आकडे मुख्य नोंदवहीत धरले गेले. टाय कॉब या गोऱ्या खेळाडूची सरासरी तोवर सर्वांत वरची मानली जाई; हजार संधींत 367 यशस्वी फटके. जॉशची निघाली 372!

शिक्षकबंधूंनो, वर्गात ही गोष्ट सांगताना मुलांना एक प्रश्न जरूर विचारा. कॉबचा आकडा खोटा नव्हता, मग पहिला नंबर चुकला कसा? उत्तर सोपे आहे. ज्यांना रांगेतच उभे राहू दिले नाही, त्यांना मोजलेच नव्हते. वही दुरुस्त झाली, हे चांगलेच झाले. पण जॉशला ती पाहायला मिळाली नाही, एवढे मुलांनी विसरू नये.