रमण्याचा धनी कोण?

अमेरिकेतील टेक्सास राज्यात वॅगनर नावाचे एक ‘रँच’ आहे. या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द सापडत नाही. मळा म्हणावा तर तो फार लहान पडतो. जहागीर म्हणावी तर तिच्यामागून सनद आणि रयत येते. पाच लाख एकरांहून मोठे, म्हणजे आपल्या इंदूर जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग व्यापील एवढे हे रान एका कुटुंबाच्या मालकीचे होते. तेथे गुरे चरत, उमदे घोडे पैदा होत, गहू पिके, जमिनीतून तेल निघे आणि शिकारही चाले. पुढे भाऊबंदकी कोर्टात गेली, ती वीस वर्षांहून अधिक काळ चालली, आणि अखेर २०१४ साली सबंध रान विक्रीस निघाले. किंमत सांगितली गेली साडेबहात्तर कोटी डॉलर. २०१६ साली स्टॅन क्रोंके या धनिकाने ते विकत घेतले.

इथवर ही श्रीमंतांची गोष्ट झाली. ऐकण्याजोगा भाग पुढेच आहे. त्या रानातील एका तलावाकाठी कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे राहत होती. घरे त्यांची, पण घराखालची जमीन भाड्याची. मालक बदलला आणि त्याच वर्षी त्यांना काही महिन्यांत जागा सोडण्याच्या नोटिसा गेल्या. खरेदीखतात एकर होते, गुरे होती, विहिरी होत्या. काठावरची वहिवाट तेवढी नव्हती.

मोठी, मिश्र उपयोगाची जमीन हात बदलते तेव्हा कागदावर काय येते आणि काय सुटते, हा प्रश्न टेक्सासइतकाच आपल्या माळव्याचाही आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे ती एका खरेदीखताने गेली नाही. ती तुकड्यातुकड्यांनी गेली, म्हणून गेल्याचा आवाज झाला नाही.

माळव्यात अशा रानाची निरनिराळी नावे होती, आणि प्रत्येक नावामागे एक हक्क होता. रमणा म्हणजे हरणांसाठी आणि धन्याच्या शिकारीसाठी राखलेले रान. बीड म्हणजे गवताचे राखीव कुरण. महाराष्ट्रातल्या पाहुण्याला हे नाव ऐकून मराठवाड्यातले गाव आठवते, पण इकडच्या शेतकऱ्याला गवतच दिसते. चरनोई म्हणजे गावच्या गुरांची सामाईक चराई, दक्षिणेतले गायरान. जुने मराठी राज्य घोड्यावर चालत असे आणि घोडा गवतावर. ‘घासदाणा’ हे वसुलीचेच एक नाव होऊन बसले होते. त्यातून ज्या घराण्याचा मूळ पुरुष मल्हारराव धनगराच्या घरात जन्मला, त्या होळकरांना गवताची किंमत निराळी शिकवावी लागली असेल असे वाटत नाही.

इंदूरहून दहा-बारा किलोमीटरवरची राळामंडळची टेकडी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. तिच्या माथ्यावरची शिकारगाह १९०५ च्या सुमारास होळकर महाराजांनी बांधविली. त्या माथ्यावरून खाली शेत, गवत आणि झाडी एकाच नजरेत येत असे. जनावर रात्री शेतात, दिवसा झाडीत, गुरे गवतात, गवताच्या गंज्या पागेत.

त्या दिवसांचे पोवाडे गाण्याचे मात्र कारण नाही. संस्थानी शिकारीत मचाणावर सरदार बसत आणि हाका घालायला आसपासची गावे निघत. हरणांनी हरभरा खाल्ला तरी दाद मागायची ती त्या हरणांच्या धन्याकडेच. शिकार, शेती आणि चराई तेथे एकत्र नांदत होती ती प्रेमाने नव्हे. एकाच्या हुकुमाखाली नांदत होती.

तरीही त्या एकत्र नांदण्यात एक शहाणपण होते, आणि ते जगाला समजावून सांगण्याचे काम इंदुरातच झाले. १९२४ साली येथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही संस्था उभी राहिली. होळकर दरबाराने तिला ३०० एकर जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली. संचालक अल्बर्ट हॉवर्ड तेथे मुख्यतः कापसाच्या अभ्यासासाठी आले होते. पण शेतातला पालापाचोळा, गोठ्यातले शेण-मूत, माती आणि राख यांचे थर देऊन खत कुजविण्याची जी पद्धत त्यांनी बसविली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. तिचे मर्म साधे आहे. गवताशिवाय गुरे नाहीत, गुरांशिवाय खत नाही आणि खताशिवाय जमिनीचा कस नाही. चराईची जमीन ही शेताबाहेरची जमीन नसून शेताचाच अर्धा भाग आहे.

मग वाटणी झाली. १९४८ साली इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. राजेलोकांनी आपल्या खासगी मालमत्तेच्या याद्या दिल्या, उरलेले सरकारचे झाले. पाठोपाठ जहागिरी गेल्या, आणि १९६० साली मध्य प्रदेशात शेतजमिनीवर कमाल मर्यादा आली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा अधिकार संपला, आणि १९८९ साली राळामंडळ अभयारण्य झाले. शेताला शेतकरी मिळाला, हरणाला वनखाते मिळाले. हे योग्यच झाले. पण गवत कोणाच्या वाट्याला आले?

ते कोणाच्याच वाट्याला आले नाही. सरकारी वर्गवारीत उघडे माळरान पुष्कळदा ‘पडीक’ ठरले. चरनोईचे राखीव प्रमाण कमी होत होत दिग्विजयसिंह सरकारच्या काळात दोन टक्क्यांवर आले, आणि मोकळी झालेली जमीन भूमिहीन दलित-आदिवासी कुटुंबांना देण्याचा कार्यक्रम निघाला. भूमिहीनाला भाकरीपुरती जमीन मिळावी याला कोण भला माणूस हरकत घेईल? पण त्याच भूमिहीनाची शेळी आणि म्हैस उद्या कोठे चरणार, याचे उत्तर त्या कार्यक्रमात नव्हते. दुसरीकडे १९७० नंतर सोयाबीन आले. त्यापूर्वी माळव्याच्या काळ्या जमिनीचा मोठा हिस्सा पावसाळ्यात मोकळा राही आणि त्यावर पाऊस सरल्यावर गहू-हरभरा होई. त्या मोकळ्या पावसाळी रानावर सोयाबीनने पैसा आणला, हे खरे. गुरांचा एक मोसम त्याने नेला, हेही खरे.

गवताला धनी नसला म्हणजे काय होते ते खरमोर पक्ष्याला विचारावे. पावसाळ्यात मादीला आपण दिसावे म्हणून नर गवतावरून पुन्हा पुन्हा उंच उडी घेतो. गवत कापले तर त्याला लपायला जागा नाही, पार राखले नाही तर घरटे नाही. १९८३ साली सैलाना आणि सरदारपूर येथे त्याच्यासाठी अभयारण्ये झाली. पण सरदारपूरच्या हद्दीत गावांची खासगी शेतेही आली, आणि तेथील शेतकऱ्यांना स्वतःची जमीन विकण्याची कित्येक वर्षे मनाई झाली. मुलीच्या लग्नाला किंवा आजारपणाला ज्याला एक तुकडा मोडता येत नाही, त्याला त्या पक्ष्याची उडी गोड कशी वाटावी? टेक्सासात विक्रीने माणसे उठली. येथे विक्रीबंदीने अडकली.

आता पुन्हा गवताची आठवण होऊ लागली आहे, तीही चित्त्यामुळे. १९५२ साली भारतातून नष्ट झाला असे जाहीर झालेला हा प्राणी २०२२ साली आफ्रिकेतून कुनोस आला, आणि २०२५ साली गांधीसागरला सोडला गेला. तो रामपुरा-भानपुऱ्याचा मुलूख म्हणजे जुनी होळकरी हद्द. त्याच वर्षी शाजापूरकडे पिके खाणारे शेकडो काळवीट हेलिकॉप्टरने हाकून पकडण्यात आले आणि गांधीसागरसारख्या ठिकाणी नेण्यात आले. हाका तोच, साधन नवे. परंतु काळवीट शेतात का आला, तर त्याचे माळ शेतात गेले म्हणून. हे लक्षात घेतल्यावाचून किती हरणे उचलावी लागतील?

मैफलीत तंबोऱ्याला कोणी दाद देत नाही. गवयाला टाळी मिळते, तबलजीला मिळते. तंबोरा मागे बसून वाजत राहतो. तो थांबला म्हणजे मात्र गाणे कोठे उभे होते ते कळते. शेत आणि शिकार यांच्यामध्ये गवताचे स्थान तेच होते.

आज इंदूरच्या चारी दिशांना ‘फार्महाऊससाठी जमीन विकणे आहे’ अशा पाट्या लागल्या आहेत. पाटीवर रस्ता किती रुंद, पाणी किती फुटांवर आणि शहर किती मिनिटांवर, हे सारे लिहिलेले असते. घेणाऱ्याने जरूर घ्यावी, विकणाऱ्याने जरूर विकावी. फक्त कुंपणाचा पहिला खांब रोवण्यापूर्वी शेजारच्या गावात जाऊन एक चौकशी करावी : या रानात पावसाळ्यानंतर कोणाची गुरे येत होती? खरेदीखतात त्याचे उत्तर मिळत नाही. ते सांगणारी माणसे अजून गावात आहेत, तोवर विचारून घेतलेले बरे.